गादीचं पान

आमच्या घरात त्या वर्षी कुणी नीट बसत नव्हतं. बाबा उभ्याउभ्या चहा प्यायचे, आई फोडणी अर्धवट टाकून ओसरीवर डोकावून यायची, आणि मी, वय वर्षं सतरा, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून पाय हलवत राहायचे. बसल्या जागी पाय हलवले की घरात लक्ष्मी टिकत नाही, असं आई म्हणायची. मी म्हणायचे, तिचंही नाव भोपाळच्या यादीत लागलं असेल. यावर आईनं एकदा माझ्यावर उलथनं उगारलं होतं.

या यादीचं प्रकरण आधी सांगायला हवं. ग्वाल्हेरचं संस्थान विलीन झालं तेव्हा मी लहान होते. त्यानंतर मध्यभारत झाला आणि सरकार थंडीत ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला, असं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरू लागलं. फायली, कपाटं, टेबलं आणि त्यांच्यामागून रेव्हिन्यू खात्यातले आमचे बाबा. त्याची जरा सवय होते न होते तोच मध्यभारतही मोडायचं ठरलं. नवा मोठा प्रांत होणार होता आणि राजधानी भोपाळ. मग कोण जाणार, कोण राहणार, याच्या याद्या निघू लागल्या. बाबांचं नाव एका यादीत असायचं, दुसरीत नसायचं, तिसरीत असायचं पण भलत्याच आडनावानं. महाराज बाड्यावर भाजी आणायला गेलेला माणूस भाजी विसरून यायचा, पण बातमी घेऊन यायचा. मोठी ट्रंक माजघरात उघडी पडली होती. सोमवारी गोधड्या आत जायच्या, गुरुवारी बाहेर यायच्या.

आम्ही ग्वाल्हेरला गोरखी वाड्याच्या मागच्या गल्लीत भाड्यानं राहत होतो. वरच्या माडीवर चित्रकारकाका राहायचे. ते नात्याचे नव्हते, पण दिवाळीला पहिलं निरांजन त्यांच्याकडे जायचं, इतके घरचे होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. संस्थानात असताना ते दरबारच्या कारखान्यात चित्रकार होते. पालख्यांच्या दांड्या, दसऱ्याच्या मिरवणुकीची निशाणं आणि गंजिफांचे जोड, हे त्यांचं काम. विलीनीकरणात कारखाना बंद झाला आणि तिथली माणसं नव्या खात्यांत वाटली गेली. इंग्रजी यादीत चित्रकार या शब्दापुढे ‘पेंटर’ लिहिलं गेलं. ती यादी ज्या साहेबाकडे गेली त्याच्या लेखी पेंटर म्हणजे रंगारी. तेव्हापासून काका सरकारी कपाटांवर पांढऱ्या रंगानं नंबर घालत होते. सरकार इंदूरला निघालं की नंबर, परत आलं की पुन्हा नंबर. आता भोपाळसाठी सगळ्यांना नवे नंबर घालायचे होते आणि कपाटांबरोबर काकांचंही नाव यादीत होतं. त्यांचं नाव मात्र एकदाही चुकलं नाही.

श्रावणातल्या एका दुपारी ते लाकडी पेटी घेऊन खाली आले. नखांत पांढरा रंग तसाच होता.

“तीन वर्षांपासून एक काम करून राहिलो होतो,” ते म्हणाले. “आज पुरं झालं. तुम्ही तिघं जरा खेळून बघा ना.”

गंजिफा हल्ली कुणाला माहीत नसतात, म्हणून सांगते. तळहातात मावतील अशी ही गोल पानं. कापडाच्या थरांना चिंचोक्याची खळ लावून करायची, त्यावर हातानं चित्र, वरून लाख. दशावतारी जोडात दहा अवतारांचे दहा रंग असतात. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. दिवसा खेळायला बसलं तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची पहिली उतारी. इथवर सगळं सरळ आहे. गोम अशी की पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यांत लहान, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा आणि दश्शीला कुणी विचारत नाही. नवशिक्याचं डोकं तिथेच फिरतं. मला आईनं सातव्या वर्षी शिकवलं होतं, त्यामुळे माझं फिरायचं नाही. या गोष्टीचा मला गर्व होता. तसा मला बऱ्याच गोष्टींचा गर्व होता.

काकांनी या दहा रंगांत दोन नवे रंग वाढवले होते. एक चाकाचा आणि एक घागरीचा.

चाकाच्या दश्शीवर दहा चाकं होती आणि दहाही वेगळी. टांग्याचं, कुंभाराचं, रहाटाचं, आगगाडीचं, एक तर नुसतं पोरांच्या खेळण्यातलं. घागरीच्या नव्वीत एका घागरीला बारीक चीर होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं. ते थेंब इतके बारीक की आईनं पान डोळ्यांजवळ नेलं. प्रधानाच्या जागी चाकाच्या रंगात टांगेवाला बसला होता आणि घागरीच्या रंगात पाणी भरणारी बाई. आणि राजाच्या जागी राजाच नव्हता. नुसती गादी होती. पांढरी बैठक, मागे लोड आणि बैठकीच्या मधोमध खळगा, नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखा.

“राजा कुठाय?” बाबांनी विचारलं.

“गेला,” काका म्हणाले.

“मग या रंगात मोठं कोण?”

“पहिला मान टांगेवाल्याचा नि पाणीवालीचा. त्यांच्याखाली एक्का मोठा की दश्शी, हे ठरलेलं नाही. ज्याच्या हाती गादी येईल तो ठरवेल. गादी खाली ठेवून बोलायचं, एक्का की दश्शी. तो बोलत नाही तोपर्यंत त्या रंगाची उतारी कुणी करायची नाही. आणि गादी स्वतः काहीच जिंकत नाही. तिचं काम फक्त बोलायचं.”

बाबा हसले. मग हसायचे थांबले. त्यांनी पानं पिसायला घेतली.

त्या दुपारचा खेळ मी विसरणं शक्य नाही. पानं एकशे चव्वेचाळीस, प्रत्येकाच्या वाट्याला अठ्ठेचाळीस. हातात चाकाची सात-आठ पानं आहेत आणि ती भारी की भिकार, हेच माहीत नाही! जीव नुसता वरखाली. पहिल्याच डावात दोन्ही गाद्या आईकडे गेल्या. आम्हाला ते कळलं तिच्या चेहऱ्यावरून. भोपाळला जायचं की नाही, हे आजवर आईला कुणी विचारलं नव्हतं. काय ते यादी ठरवणार होती. आता बाबा आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होतो आणि ती शांतपणे रामाची, कूर्माची पानं टाकत होती. “बोल की गं,” बाबा म्हणाले. “बोलते, घाई काय आहे,” आई म्हणाली. स्वयंपाकघरात दूध उतू गेलं, वास आला, आई जागची हलली नाही. शेवटी तिनं चाकाची गादी खाली ठेवली आणि म्हणाली, “एक्का.” मग आम्हा दोघांची जी काही कत्तल केली तिला तोड नाही. बाबा हरल्यावर ओरडले, “एक डाव और!” आणि यादी निघाल्यापासून एका जागी पाच मिनिटं न बसलेले ते बाबा दिवेलागणीपर्यंत मांडी घालून बसले.

काका खेळले नाहीत. ते खिडकीत बसून होते. पानांकडे त्यांचं लक्ष नव्हतं, आमच्या तोंडांकडे होतं.

जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं. पुण्याला हस्तकलेची एक संस्था होती. ती जुन्या कारागिरांना बोलावून मुलांना काम शिकवायला ठेवत असे. काकांनी पत्र घातलं होतं आणि उत्तर आलं होतं. नमुन्याचा जोड पाठवा, सोबत खेळ खेळून पाहिलेल्या जाणकाराचं मराठीत लेखी परीक्षण जोडा, दसऱ्याच्या आधी समिती बसेल.

“तू वाचनालयाच्या मासिकात लिहितेस,” काका म्हणाले. “यावर लिही. त्याचीच एक नक्कल मी जोडाबरोबर धाडतो.” मग आपल्या नखांकडे बघत म्हणाले, “मला बाकी काही नको, बेटा. मरताना हाताला हा सफेदा नको, बस.”

आमच्या मराठी वाचनालयाचं एक हस्तलिखित मासिक निघायचं. मी त्यात परीक्षणं लिहायचे. मिळेल त्या पुस्तकाचं, नाटकाचं, गणेशोत्सवातल्या आराशीचं, आणि एकदा तर हळदीकुंकवाच्या डाळीचंही लिहिलं होतं. लष्कर या आमच्या भागातल्या मराठी मंडळींत माझ्या भाषेचं नाव होतं. ‘पोरगी पुण्याची वाटते’ असं कुणी म्हणालं की मी दोन दिवस हवेत असे. पुणं मी तोवर पाहिलं नव्हतं. माझी शाळा हिंदी, कॉलेज हिंदी. घरी बोलायची मराठी, आणि भारदस्त काही लिहायचं झालं की शब्द कुठून यायचे हे तपासायची मला कधी गरज वाटली नव्हती.

चार पानं लिहिली. गंजिफांचा उगम लिहिला, जो मला माहीत नव्हता. रंगसंगतीवर एक परिच्छेद लिहिला. नव्या रंगांमुळे जोडाचा तोल किंचित ढळतो, असा दोषही काढला, कारण दोष काढल्याशिवाय परीक्षण वजनदार होत नाही अशी माझी समजूत होती. आणि शेवटी, सगळा जीव ओतून, हे वाक्य:

‘दशावतारांच्या पंक्तीला टांगेवाला आणि पाणी भरणारी स्त्री यांना बसवण्याची जी चेष्टा या चित्रकारांनी केली आहे ती सर्वथैव अभूतपूर्व होय. इतकी धीट चेष्टा यापूर्वी कुणी केली नसेल.’

रविवारी वाचनालयात ते वाचून दाखवलं. वीसेक माणसं होती. टाळ्या पडल्या. माजी मुख्याध्यापक होते, ते म्हणाले, “वा! शेवट तर फारच उंचीवर नेलास.” काका मागच्या बाकावर होते. त्यांनी डोळे पुसले. त्या खोलीत एकाही माणसाला काही खटकलं नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. मी माझ्या सुवाच्य अक्षरात नक्कल केली, काकांनी जोड कापडात बांधून वर सुतळीची गाठ मारली आणि गणपती गेल्यावर पार्सल पुण्याला रवाना झालं.

त्यानंतर आठवड्यानं पुण्याची आत्या आली. भावाचं बिऱ्हाड हलणार म्हणून आवराआवरीला आली होती. ही बाबांची थोरली बहीण, जिभेची तिखट आणि मनाची मऊ. आल्या दिवशीच तिची करमणूक झाली. काका माडीच्या कठड्यावरून म्हणाले, “ताई, सामान उचलायचं असेल तर आवाज द्या, मी खालीच आहे.” आत्यानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. “अहो, खाली कुठे? तुम्ही तर वर आहात!” काकांना कळेना. आईनं समजावलं, वन्सं, खाली म्हणजे रिकामे आहेत ते. आत्या पोट धरून हसली. मीही हसले. काकांना हसले, वरून पुण्याच्या बाजूनं.

दुसऱ्या दिवशी मी तिला माझं परीक्षण दाखवलं. दाखवल्याशिवाय मला राहवतच नव्हतं. ती चष्मा लावून वाचत गेली, “छान, छान” म्हणत गेली, आणि शेवटाला थबकली.

“अगं, हे काय? वरच्या त्या भल्या माणसानं देवांची चेष्टा केलीय?”

“हो. फार मोठी केलीय.”

“आणि तुला ती आवडली?”

“म्हणजे काय! चेष्टा करायला हिंमत लागते आत्या.”

आत्यानं चष्मा काढला. माझ्याकडे नीट पाहिलं. मग हळूच म्हणाली, “बाळ, चेष्टा म्हणजे काय गं तुमच्याकडे?”

“प्रयत्न. कोशिश.”

“आमच्याकडे थट्टा,” आत्या म्हणाली. “टिंगल.”

आमच्या घरात थट्टेला मजाक म्हणत. चेष्टा हा शब्द मी फक्त शाळेच्या पुस्तकात पाहिला होता. तिथे थोर पुरुष देशासाठी चेष्टा करत असत. अवतारांच्या पंगतीला टांगेवाला बसवण्याची धीट टिंगल, आणि तीही माझ्या सुवाच्य अक्षरात, पुण्याला, समितीच्या टेबलावर!

“मी लिहिते त्यांना दोन ओळी,” आत्या म्हणाली. “शब्दाची गफलत झाली म्हणून. पोस्टकार्ड आण.”

मी म्हणाले, नको, चूक माझी आहे, मीच लिहीन. ऐकायला हे फार सुरेख वाटतं. खरं कारण वेगळं होतं. ‘ग्वाल्हेरच्या मुलीला मराठी येत नाही’ हे पुण्याला कळायचंच असेल तर ते निदान चांगल्या मराठीत कळावं, एवढी माझी खटपट होती. माझा मला तेव्हाही राग आला होता, आणि आजही येतो.

पहिला खर्डा लिहिला. ‘आपल्याला काही आपत्ती नसेल तर एक खुलासा करू इच्छिते.’ आत्यानं वाचून विचारलं, “आपत्ती? पुण्याला पूर आलाय का?” आमच्याकडे आपत्ती म्हणजे हरकत. ते खोडलं. पुढच्या खर्ड्यात काकांचं मोठेपण सांगितलं. ‘त्यांनी कित्येक वर्षं कारखान्यातल्या मुलांना शिक्षा दिली आहे.’ “छड्या मारायचे?” आत्यानं विचारलं. तिला हसू आवरत नव्हतं, पण मला रडू कोसळलं आणि मी कागद तिच्या हातातून ओढून घेतला. त्यानंतर तिला एकही खर्डा दाखवला नाही.

मग सुरू झाला तो छळ. प्रत्येक शब्दाकडे बघून मला धडकी भरायची. हा आपला की त्यांचा? ‘प्रकृती’ लिहू? ‘अभ्यास’ लिहू? ‘सही’ म्हणजे बरोबर की नाव घालणं? वाचनालयात जाऊन कोश उघडायचे, एक शब्द तपासायचे, घरी येईपर्यंत दुसऱ्यावर संशय यायचा की पुन्हा उलट पावली वाचनालयात. गोरखी ते वाचनालय दिवसातून चारदा. तोंडातून साधं वाक्य निघेना. आईनं जेवायला हाक मारली तरी ‘येते’ हा शब्द मराठी आहे ना, असं मनात यायचं. घरात बाबा यादीसाठी येरझाऱ्या घालत होते आणि मी शब्दांसाठी. नवरात्र बसलं. आत्या रोज एकदा विचारायची, “धाडलंस का गं?” मी म्हणायचे, “आज धाडते.” जिन्यात काका भेटायचे, खांद्यावर रंगाचं डबडं. “पुण्याहून काही आलं का, बेटा?” मी म्हणायचे, “अजून नाही, काका.” त्यांना सांगायचं धैर्य मला झालं नाही. त्यांना पाहिलं की मी पायऱ्या दोन दोन उतरायचे.

अकराव्या खर्ड्याला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मी पत्र पेटीत टाकलं. त्यात एकूण चार वाक्यं होती. आत्याच्या दोन ओळी पहिल्याच दिवशी गेल्या असत्या.

पुढचं लांबवत नाही. उगीच आशा लावून ठेवण्यात अर्थ नाही. काका पुण्याला गेले नाहीत. दिवाळीच्या तोंडाशी ते कपाटांबरोबर भोपाळला गेले आणि पुढे तिथेच वारले. गंमत म्हणजे शेवटच्या यादीत बाबांचं नाव नव्हतं. आम्ही ग्वाल्हेरलाच राहिलो, ट्रंक रिकामी झाली आणि तिच्यावर आईनं शिवणाचं यंत्र ठेवलं. माझ्या पत्राला त्या संस्थेनं पुढे उत्तर दिलं, सभ्य उत्तर. खुलाशाबद्दल आभार, तथापि समितीचा निर्णय आधीच झाला असल्याने नाइलाज आहे. ते उत्तर आलं तेव्हा माडीला कुलूप होतं.

पार्सल त्याआधीच परत आलं होतं, दसऱ्यानंतर चार-पाच दिवसांनी. पोस्टमनची हाक ऐकून मी धावत बाहेर आले, पण काका माझ्याआधी पोचले होते. मी त्यांच्या मागोमाग माडीवर गेले. त्यांनी आधी घासलेटाच्या चिंधीनं बोटं पुसली, मग पत्र उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. देवादिकांच्या चेष्टेस आमच्या संस्थेत स्थान नाही, आणि ही चेष्टाच असल्याचं आपण स्वतः जोडलेल्या परीक्षणातच नमूद आहे, सबब जोड साभार परत.

काकांनी ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. शाळेतल्या मुलाला गणित सुटत नाही तसं.

“बेटा, यात नाराज व्हायला काय झालं? चेष्टा तर मी केलीच ना. तीन वर्षं केली. रात-दिन केली.”

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. शब्द काय, आत्या काय म्हणाली, मला कधी कळलं, मी किती दिवस पत्र धरून बसले, तेही. काका ऐकत राहिले.

“म्हणजे त्यांना वाटलं, मी देवांची मजाक करून राहिलो आहे.”

“हो.”

“आणि तुला कळलं होतं.”

“हो.”

त्यांनी पार्सल मांडीवर घेतलं आणि त्याच्यावरून बोट फिरवलं. बोट सुतळीपाशी थांबलं.

“ही गाठ माझी आहे,” ते म्हणाले.

मला कळायला थोडा वेळ लागला. पार्सलच्या वरचं वेष्टन संस्थेचं होतं, नवं. आतलं कापड आणि सुतळी काकांची होती आणि गाठ त्यांनी मारली होती तशीच होती. जोड कुणी उघडलाच नव्हता. दहा प्रकारची चाकं, चिरलेली घागर, गादीवरचा खळगा, काही कुणी पाहिलं नव्हतं. समितीनं माझी चार पानं वाचली होती आणि तेवढ्यावर ठरवलं होतं.

मी रडायला लागले. काकांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. गाठ सोडायला त्यांना वेळ लागला, बोटं रंगानं ताठली होती. जोड पेटीत ठेवला आणि पेटी माझ्या हातात दिली.

“ही तुझ्याकडे राहू दे. भोपाळला कपाटांत कुठे सांभाळू?”

“मी नाही घेणार, काका.”

“घे. तुम्ही खेळाल तरी.” मग म्हणाले, “एक विचारू? त्या दिवशी तुम्ही तिघं खेळलात. तुझ्या आईचं दूध उतू गेलं. मजा आली होती ना?”

“खूप आली होती, काका.”

“मला वाटलंच,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा जरा उजळला. “ते लिहिलं होतंस ना?”

मी पेटी छातीशी धरून उभी होते. चारही पानं मला तोंडपाठ होती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी ती मनात वाचून काढली, मग पुन्हा वाचली. उगम होता, रंगसंगती होती, ढळलेला तोल होता. मजा ग्वाल्हेरलाही मजाच असते आणि पुण्यालाही मजाच. तो शब्द त्यात कुठेच नव्हता.

काका वाट बघत होते. मी खाली मान घालून म्हणाले, “नाही, काका.”